हवेवर झडप घालणारा लांडगा

नदीच्या उतारावर आमची नायिका पुन्हा मेली. तीन लांडगे आले, तिने दोन वार केले आणि खेळ खलास. मी परत सुरुवात केली. परत तेच.

"झोप झाली नाही का?" सलीमभाई मागून म्हणाले. "हे लांडगे तर तू चहा पिता पिता मारतेस."

"चहा बाजूला ठेवून खेळतेय सलीमभाई. तरी मरतेय."

त्यांनी खुर्ची ओढली. पुढच्या वेळी ते स्वतः खेळले. तेही मेले.

मी टेस्टर होते. दिवसभर व्हिडिओ गेम खेळून पगार घेते, असं माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या. प्रत्यक्षात एकच दार हजारदा उघडून ते हजारदा नीट उघडतंय का, हे बघणं म्हणजे टेस्टिंग. आमचं ऑफिस पुण्यात धायरीला, एका हार्डवेअरच्या दुकानावर होतं. खाली पाइप कापायचे, वर आम्ही राक्षस कापायचो.

आमचा गेम रोल-प्लेइंग जातीचा होता. त्यात आपण एक पात्र घ्यायचं आणि लढत, शिकत त्याला मोठं करायचं. आमच्या नायिकेला काळ्या डोंगरापलीकडच्या किल्ल्यात जाऊन मांत्रिकाने पळवलेला दिवा परत आणायचा होता. वाटेत मुक्कामाच्या पहिल्याच सराईमध्ये सोबती मिळत. एक वैद्य, एक धनुर्धारी, असे दोघं-तिघं घेऊन पुढे जायचं, अशी साधारण पद्धत.

सलीमभाई डिझायनर, म्हणजे खेळाचे नियम ठरवणारे. त्यांचा एक हट्ट होता. कोणालाही सोबत न घेता, एकट्या पात्राने शेवटपर्यंत जाता आलं पाहिजे. याला आम्ही सोलो रन म्हणायचो. मालक मुकुंद सरांना तो पटत नव्हता.

"असं खेळणार कोण?" ते प्रत्येक मीटिंगला विचारायचे.

"आमची आपा," सलीमभाई प्रत्येक मीटिंगला सांगायचे.

शमीम आपा त्यांची थोरली बहीण. शाळेतून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यावर विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. घरातलं प्रत्येक माणूस भेटलं की तेच म्हणायचं, "एकट्या कशा राहाल? चला आमच्याकडे." त्या हसून चहा टाकायच्या. सलीमभाईंनी आपल्या जुन्या लॅपटॉपवर त्यांना गेमची टेस्टिंगची कॉपी दिली होती. आपांनी नायिकेला स्वतःचंच नाव दिलं, शमीम. अडलं की मला फोन.

"अनघा, तो सराईतला वैद्य किती बडबड करतो गं! बरं झालं त्याला घेतलं नाही."

गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणाऱ्या आपा गेममध्ये काळा डोंगर चढून गेल्या होत्या. पुढचा किल्ला त्या कॉपीत बांधलेलाच नव्हता. डोंगरमाथ्यावर नायिकेला उभी करून त्या खरा गेम यायची वाट बघत होत्या. "मी वर येऊन बसलेय, तुम्ही किल्ला बांधा लवकर," असं म्हणायच्या.

आता त्या दिवसाकडे येते. गेमची तयार झालेली प्रत म्हणजे बिल्ड. टेस्ट बिल्डमध्ये आमच्या सोयीचे चोरदरवाजे असतात. थेट डोंगरावर पोचायचं बटण, मेलेल्याला उठवायचं बटण वगैरे. रिलीज बिल्डमधून ते सगळं काढतात आणि ती लोकांना विकतात. सोलो रन आम्ही कायम टेस्ट बिल्डवरच तपासला होता, कारण सोयीचं पडायचं. त्या दिवशी तो पहिल्यांदा रिलीज बिल्डवर चालवला, आणि नायिका पहिल्याच नदीवर मरत होती.

सलीमभाईंनी शेजारच्या कॉम्प्युटरवर टेस्ट बिल्ड लावली. तीच नदी, तेच लांडगे. तिथे नायिका आरामात जिंकली. फरक एकच. टेस्ट बिल्डमध्ये एक लांडगा तिच्या अंगावर न येता तिच्या बाजूला, रिकाम्या हवेवर झडप घालत होता.

तो आमच्या ओळखीचा होता. सुरुवातीलाच मी त्याची तक्रार नोंदवली होती. "गंमत आहे, राहू द्या," म्हणून मुकुंद सरांनी ती बंद केली. तेव्हापासून त्याला आम्ही वेडा लांडगा म्हणायचो. पाहुणे आले की तो दाखवायचो.

सलीमभाईंनी तीच झडप पुन्हा पुन्हा चालवून पाहिली. मग हळूच म्हणाले, "अनघा, हा वेडा नाहीये. तिथे कोणीतरी उभं आहे."

कोड उघडला तर होतंच. अगदी पहिल्या दिवसांत, सोबती नसला की गेम बंद पडायचा. तेव्हाच्या प्रोग्रॅमरने तोडगा म्हणून एक डमी घातला होता. न दिसणारा, न बोलणारा, न मरणारा सोबती. शेजारी लिहिलं होतं, 'तात्पुरतं'. मग तो दुसऱ्या नोकरीवर गेला. डमी नायिकेच्या मागे चालत राहिला आणि तिच्या वाट्याचे काही घाव स्वतःवर घेत राहिला. त्याच हिशेबाने आम्ही प्रत्येक शत्रूची ताकद ठरवत गेलो. रिलीज बिल्ड करताना सगळ्या तात्पुरत्या गोष्टींबरोबर तोही गेला.

म्हणजे एकट्याने कोणीच, कधीच चाललं नव्हतं. मीही नाही, आपाही नाहीत.

आम्ही डमी परत घालून पाहिला. किल्ला नुकताच बांधून झाला होता; तिथला मांत्रिक प्रत्येक घाव घालताना स्वतः बरा होतो, तो त्या न मरणाऱ्यालाच मारत बसला आणि लढाई संपेचना. आता प्रत्येक लढाई नव्याने बसवणं हा एकच इलाज उरला. सलीमभाई आणि मी मुकुंद सरांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, थोडे दिवस वाढवून घ्या," सलीमभाई म्हणाले.

"तारीख जाहीर झाली आहे."

"सोलो रन हा या गेमचा जीव आहे, सर."

"तुमचा असेल. सराईतून बाहेर पडताना एक सोबती सक्तीचा करा. विषय संपला."

"कोणता सोबती?" मी विचारलं.

"तो वैद्य द्या. औषधं देतो, म्हणजे कोणी मरणार नाही."

मी भांडले. सलीमभाई भांडले नाहीत. वाद घालणारा माणूस अचानक गप्प झाला की समजावं, त्याने आशा सोडली आहे. त्यांनी जागेवर जाऊन काम सुरू केलं. दाराशी वैद्याच्या तोंडी एक वाक्य हवं होतं. तेही त्यांनाच लिहावं लागलं.

संध्याकाळी ते दार तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी नायिकेला एकटीलाच दाराशी नेलं. वैद्य आडवा आला आणि म्हणाला, "एकट्या कशा जाल? चला, मी येतो." मी वळून सलीमभाईंकडे बघितलं. ते खिडकीतून खाली चाललेलं पाइप कापणं बघत होते. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'एकट्याने बाहेर पडता येत नाही: पास.' इतक्या वर्षांत एवढं वाईट 'पास' मी लिहिलं नव्हतं.

गेम वेळेवर आला. बरा चालला. पेढे वाटले, सलीमभाईंनी घेतला नाही. टेस्ट बिल्डला मुदत घातलेली असते, ती संपली आणि आपांची डोंगरमाथ्यावरची शमीम उघडेनाशी झाली. त्यांनी नवा गेम घेतला. भावाला न सांगता, दुकानातून.

मग त्यांचा फोन आला.

"अनघा, हा वैद्य दारातून हलत नाही गं. काय करायचं?"

"त्याला घ्यावंच लागतं, आपा. आता तसंच आहे."

"एकटीने नाही जाता येत?"

"नाही."

"मागे तर मी गेले होते. डोंगरापर्यंत."

डमीचं सांगणं माझ्या जिवावर आलं.

"हे वाक्य सलीमने लिहिलंय ना?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरातलंच आहे." मग म्हणाल्या, "राहू दे, बेटा. बंद करते."

पुढे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आपा विश्रांतवाडीचं घर बंद करून सलीमभाईंकडे राहायला आल्या. गेमचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणतील, मीही म्हणते. सलीमभाई म्हणत नाहीत. ते आता मोबाइलवरचे पत्त्यांचे गेम बनवतात, चार जणांचे.

नव्या टेस्टरांना मी शिकवते, की पहिल्या आठवड्यापासून रिलीज बिल्डवर टेस्ट करा. ते मान डोलावतात. मग सांगते, की लांडगा हवेवर झडप घालताना दिसला तर हसू नका, तिथे कोण उभं आहे ते बघा. यावर ते हसतात.