आमच्या साडूचं गाजलेलं गाऱ्हाणं

आमच्या साडूला गप्प बसलेला पाहिलाय असं सांगणारा माणूस लालबाग-परळात कुठे भेटला, तर मी त्याच्या पायाचं तीर्थ घेईन. तो दाढी करताना बोलतो, झोपेत बोलतो, तोंडात घास असला की जास्तच बोलतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला डॉक्टरने बजावलं होतं, हलायचं नाही आणि बोलायचं नाही. हा पठ्ठ्या हलला नाही, पण बोलला मात्र शेवटपर्यंत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. म्हणजे मानाने थोरला मी. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे ते कुणाच्या लक्षात राहणार नाही. आजवर राहिलेलं नाही.

आम्ही दोघंही मालवणी मुलखातले, मुंबईत गिरणीकामगार म्हणून आलेले. आमच्यात गणपतीला, लग्नाला गाऱ्हाणं घालायची रीत आहे. एक जाणता माणूस देवापुढे उभा राहून घरादाराचं मागणं मोठ्याने सांगतो आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. वर्षातून दोन-चार वेळा करायची गोष्ट. साडूला तिचं व्यसन. त्याच्याकडे नवा फ्रीज आला तेव्हा फ्रीज पाठीवरून आणणाऱ्या दोघा भय्यांना त्याने दारातच थांबवलं आणि सुरू झाला, "आज ह्या लेकराच्या घराक फ्रीज इलो हा रे म्हाराजा! तेच्यातला दूध नासाक देव नको रे म्हाराजा!" ते बिचारे बनारसकडचे, त्यांना काय कळणार? पण तिसऱ्या मागण्याला तेही ओरडायला लागले, आणि जाताना साडूच्या पाया पडून गेले. एकदा हॉस्पिटलची लिफ्ट मध्येच अडकली. आत हा, मी, एक नर्स आणि स्ट्रेचरवर एक पेशंट. याने लिफ्टसाठी गाऱ्हाणं घातलं. नर्स 'व्हय म्हाराजा' म्हणाली, पेशंट म्हणाला, आणि लिफ्ट चालू झाली. खाली मेकॅनिकने बटण दाबलं होतं म्हणून ती चालू झाली हे मी सगळ्यांना सांगितलं. कुणी ऐकलं नाही. लोक साडूला नमस्कार करत होते.

गळा त्याला आहे, हे मी नाकारत नाही. पण त्यात त्याचं कर्तृत्व काय? मी होतो साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर. साचेखात्यात एवढा खडखडाट की शेजारच्या साच्यावरचा माणूस काय बोलतो ते त्याच्या ओठांवरून ओळखायचं. त्यात माझे कान गेले आणि आवाज फाटला. हा होता फोल्डिंगला. तिथे कापडाच्या घड्या घालायच्या, सगळं निवांत. म्हणून गळा शाबूत राहिला. मी साच्यावर नसतो तर गाऱ्हाणं मीच घातलं असतं. थोरला मी आहे. एकदा मी बायकोला म्हटलं, "तुझ्या भावोजींचं एवढं काय कौतुक गं?" ती म्हणाली, "भावोजींचो आवाज देवळातल्या घंटेसारखो." मी म्हटलं, "आणि माझा?" "तुमचो गिरणीच्या भोंग्यासारखो." मी तोंड फिरवलं. तर मागून म्हणते, "पण भोंगो वाजलो की माणूस घराक येता." हे तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच, ते मी विचारलं नाही.

साडूच्या गाऱ्हाण्याला मी कधी 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही. नुसते ओठ हलवायचो. एवढ्या गर्दीत कुणाला कळतं? तिला कळायचं. साचेवाल्याची बायको, तीही ओठांवरून ओळखायला शिकली होती. घरी येताना जिन्यातच म्हणायची, "आजपण नुसते ओठ हलवल्यात." तिची तऱ्हा आणखी वेगळी. ती सगळ्यांबरोबर कधीच म्हणायची नाही. सगळ्यांचं म्हणून झालं, खोली शांत झाली, की मागून एकटीचं, सावकाश, 'व्हय म्हाराजा'. पोरंसोरं हसायची. मी विचारलं, "तुला वेळेवर येत नाही का?" तर म्हणाली, "सगळ्यांच्या आवाजात माझो आवाज देवाक कसो कळतलो? म्हणान मी मागसून सांगतंय."

याचा मला एकदा चांगलाच फटका बसला. साडूच्या घरचा गणपती. याने मागता मागता माझ्याकडे बघितलं आणि घातलं, "आणि जे कोण मनातल्या मनात जळतत, तेंका थंडावो दी रे म्हाराजा!" अख्खी खोली माझ्याकडे बघत ओरडली, 'व्हय म्हाराजा!' हशा झाला, खोली शांत झाली, आणि त्या शांततेत मागून आमच्या हिचं एकटीचं, अगदी मनापासून, 'व्हय म्हाराजा'. पुन्हा हशा. त्या वर्षीपासून ते मागणं कायमचं झालं.

साडूच्या परळच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर चार पोरं गाणी करायची. गाणी म्हणजे चाल नाही, सूर नाही, ढोलाच्या ठेक्यावर भराभर बोलणं. त्याला हिपहॉप म्हणतात. त्यांनी आपल्या ग्रूपचं नावच 'तिसरा मजला' ठेवलं होतं. बाकीची चाळ कानात बोटं घालायची. साडू मात्र त्यांच्या दारात जाऊन बसला आणि म्हणाला, "ह्यां तर गाऱ्हाणांच! एकटो बोलता, बाकीचे होकार देतत." पोरांना तेच पाहिजे होतं. एका रविवारी साडूच्याच खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून, पंखा बंद करून, त्याचं गाऱ्हाणं रेकॉर्ड केलं. होकार द्यायला घरची माणसं बोलावली. मलाही निरोप होता, मागे उभं राहून ओरडायला. मी गेलो नाही. ही गेली, घामाने भिजून परत आली आणि म्हणाली, "मीपण बोललंय." मी म्हटलं, "बरं."

ते गाणं इतकं गाजलं की विचारू नका. जळणाऱ्यांना थंडावा द्यायची ती ओळ तर पोरांनी बरोब्बर मध्यावर घेतली होती. टॅक्सीत ती, दहीहंडीत ती, लग्नाच्या वरातीत ती. माझे कान अर्धे गेलेत त्याचा मला त्या वर्षांत मोठा आधार वाटला. कुठे ठेका सुरू झाला की मी रस्ता बदलायचो. आख्ख्या गिरणगावात ते गाणं पुरतं न ऐकलेला माणूस मी एकटाच असेन. साडूने मात्र ताळ सोडला. सत्तरी गाठलेला माणूस, टोपी उलटी घालून भाजी आणायला जायला लागला. मेव्हणी कपाळावर हात मारून घ्यायची. भाजीवाली त्याला ओळखते आणि कोथिंबिरीची जुडी तशीच पिशवीत टाकते. मला त्याच भाजीवालीने आजवर एक मिरचीसुद्धा जास्त घातलेली नाही.

मग ही गेली. त्याबद्दल मला लिहिता येत नाही. घरात तिचा चष्मा आहे, मिशेरीची डबी आहे, दोन फोटो आहेत. एका फोटोत तिचं तोंड उघडं आहे, काहीतरी सांगतेय. काय ते मला ओठांवरूनही ओळखता येत नाही. त्या वर्षी साडूच्या गणपतीत गाऱ्हाणं झालं. सगळे 'व्हय म्हाराजा' ओरडले आणि मग कुणी न सांगता सगळे थांबले. मागून काही आलं नाही. साडूने पुढचं मागणं जरा घाईनेच सुरू केलं.

तेव्हापासून रविवारी मी त्यांच्याकडे जेवतो. मेव्हणीच्या हाताला तिच्या बहिणीची चव आहे, म्हणून जातो. साडूसाठी नव्हे. तर असाच एक रविवार, माझ्या ताटात बांगडा, आणि 'तिसरा मजला'मधला दाढीवाला कॉम्प्युटर घेऊन आला. पोरं आता बाप्ये झाली होती. एवढ्या वर्षांत गाजलेली त्यांची सगळी गाणी एकत्र करून एक अल्बम निघायचा होता. जुन्या काळासारखी काळी रेकॉर्डपण काढणार होते.

"काका, पहिलं गाणं तुमचंच," दाढीवाला म्हणाला. "साउंडवाल्याने एकदम चकाचक करून दिलंय. ऐका."

हात उष्टा, ताट अर्धं. पळणार कुठे? पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. साडू आपल्याच आवाजावर मान डोलवत माझ्याशी बोलत होता. ती जळणाऱ्यांची ओळ आली, सगळे 'व्हय म्हाराजा' ओरडले, ढोल पुढे गेला. साडूची मान थांबली.

"मागे घी. परत लाव."

परत लावलं.

"मागसून येता तो आवाज खंय गेलो?"

"अच्छा, तो! काका, ती मिस्टेक होती. एक बाई लेट बोलते. तेव्हा आपल्याला साफ करता येत नव्हतं म्हणून राहिली. आता काढली."

"परत घाल."

"काका, ठेका तुटतो."

"तुटां दी."

"अहो, साउंडवाला बोलतो..."

"साउंडवाल्याक सांग, तेका काढलंस तर माकाय काढ! माझां गाऱ्हाणां नको, माझां नाव नको, कायएक नको!" साडू उभा राहिला होता. टोपी खाली पडली होती. मेव्हणी पळी घेऊन दारात आली.

"असं काय करता काका, तुमच्यावर तर अल्बम उभा आहे. कोण आहे ती बाई?"

साडूने माझ्याकडे बोट केलं. "ह्येंची बायको."

दाढीवाल्याने मोबाइलवर जुनं गाणं काढलं, त्या ओळीवर आणलं आणि माझे कान त्याला माहीत असल्यामुळे मोबाइल माझ्या ताटाशेजारी ठेवला. सगळे ओरडले. आणि मागून, बांगड्याच्या बाजूने, सावकाश, पदराला हात पुसत बोलावं तसं, तिचं 'व्हय म्हाराजा'.

मी म्हटलं, "आज आमटी जरा खारट झालीय." हात धुतला आणि निघालो. मेव्हणी मागून "भावोजी, भावोजी" करत जिन्यापर्यंत आली. मी वळलो नाही.

परळहून लालबागपर्यंत चालत आलो आणि सगळा रस्ता जळत आलो. माझ्या बायकोचा आवाज जगात कुठे शिल्लक आहे, तर साडूच्या खोलीत, साडूच्या गाऱ्हाण्यात, साडूच्या गाण्यात. आणि बोलतेय काय, तर माझ्या नवऱ्याला थंडावा दे. आख्खी मुंबई त्यावर नाचली आणि मी रस्ते बदलत फिरलो. हे सगळं एक वेळ सोडून देईन. पण तो आवाज काढू नका म्हणून भांडायचा मान तरी माझा होता की नाही? नवरा मी. तो मानसुद्धा यानेच घेतला, आणि मी आमटी खारट म्हणून आलो. आमटी खारट नव्हती.

पुढचे काही रविवार मी गेलो नाही. अल्बमचं काय झालं ते विचारलं नाही. ती राहिली की पुसली, हे विचारायला जीभ रेटेना. राहिली नाही असं उत्तर आलं असतं तर ती दुसऱ्यांदा गेली असती, आणि तेवढं सोसायची ताकद आता माझ्यात नाही.

मग एका संध्याकाळी साडूच आला, टोपी उलटी, काखेत ती काळी रेकॉर्ड, तिच्या वेष्टनावर याचाच फोटो. ती वाजवायचं यंत्र ना त्याच्याकडे, ना माझ्याकडे, ना दोन्ही चाळींत कुणाकडे. त्याने म्हणे आधी ती स्वतःच्या भिंतीवर टांगून हार घातला होता, तेव्हा मेव्हणी ओरडली, "जित्या माणसाक हार घालतत काय?" म्हणून माझ्याकडे घेऊन आला. "साडूभाऊ, तुमच्या भिंतीक शोभात," म्हणाला. मी म्हटलं, "नको." त्याने खिळा शोधून टांगलीसुद्धा. मग खिशातून मोबाइल आणि पेरूएवढा स्पीकर काढला.

"ऐकूचां आसा?"

"नको."

त्याने लावलं. आणि अर्थातच बोलायला लागला. हय बघा मी श्वास घेतलंय, हय पंखो बंद असल्यामुळे घाम इलो, हय तो दाढ्यो शिंकलो. गाणं चाललंय आणि हा त्याच्यावर चाललाय. मला वाटलं, स्पीकर उचलून खिडकीतून टाकावा. तेवढ्यात ती ओळ आली, "जे कोण मनातल्या मनात जळतत..."

आणि साडू गप्प झाला. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर फरशीवर. टोपी काढून मांडीवर घेतली.

सगळे ओरडले, 'व्हय म्हाराजा!' मग ढोल पुढे जाईल असं मला वाटलं, पण ढोल थांबला होता. पोरांनी तिच्यासाठी सगळंच थांबवलं होतं. ठेका नाही, वाद्य नाही, काही नाही. गाऱ्हाणं संपल्यावर खोली शांत व्हायची तसं. आणि त्यात ती, एकटी, देवाला वेगळं कळावं म्हणून.

'व्हय म्हाराजा.'

माझे ओठ हलले. सवयीनेच. पण या वेळी त्यांच्यामागून आवाज निघाला. फाटका, भोंग्यासारखा, तिच्याही मागून. खालच्या मजल्यावरची बाई दारात येऊन बघायला लागली, काय झालं म्हणून.

साडूने मान वर केली नाही. गाणं संपेपर्यंत तो बोलला नाही. म्हणजे सुरुवातीला मी ज्या माणसाचं तीर्थ घ्यायला निघालो होतो, तो मीच निघालो.

थंडावा मिळाला का म्हणाल, तर पूर्ण नाही. कोथिंबीर अजून त्यालाच मिळते, ते डोक्यात जातंच. आणि मला कळत नाही, बोलून बोलून जग डोक्यावर घेणाऱ्या माणसाला नेमकं कुठे गप्प बसायचं हे कसं कळलं. मला नसतं जमलं. रविवारी पुन्हा जायला लागलोय. जेवण झालं की तो विचारतो, "लावू?" मी म्हणतो, "लाव. आवाज वाढव, मला ऐकू येत नाही." मग तो टोपी काढतो, आणि आम्ही दोघं तिची वाट बघतो.