बाजारच्या खेळाचा शेवट

चित्रपट समीक्षक म्हणून पहिली काही वर्षं मी जे लिहिलं, त्यातल्या बऱ्याच चित्रपटांचा शेवट मी पाहिलेलाच नव्हता. हे सांगताना मला अजिबात लाज वाटत नाही. भोरच्या टॉकीजमध्ये मंगळवारी शेवट दाखवतच नसत, त्याला मी काय करणार?

मंगळवारी भोरचा बाजार. हिर्डोशीकडची, भाटघरच्या वरच्या अंगाची, आमच्या वेल्ह्याकडची माणसं बाजार उरकून दुपारच्या खेळाला बसायची. संध्याकाळच्या यष्ट्या एकदा गेल्या की मग पायीच जायचं. त्यात मधेच वीज जायची, रीळ तुटायचं, खेळ लांबायचा. अशा वेळी टॉकीजचे मालक मशीन बंद करायला लावायचे, धोतराचा सोगा हातात धरून दारात उभे राहायचे आणि उरलेला चित्रपट तोंडी सांगायचे. "शेवटी दोगांचं लगीन व्हतंय, सासरा सुदारतोय, समदी सुखात! हिर्डोशीवाले पळा, गाडी लागलीया!" गाणं कापलं असतं तर लोकांनी बाकडी मोडली असती, मारामारी कापली असती तर मालकांना मोडलं असतं. शेवट तेवढा कुणाच्या कामाचा नव्हता. पिशव्या, कोंबड्या, कडेवरची पोरं सांभाळत माणसं शेवट ऐकत ऐकत स्टँडकडं पळायची. त्यांच्यात मीही असायचो.

मी वेल्ह्याच्या तहसील कचेरीत कारकून होतो. दर मंगळवारी कचेरीचं टपाल भोरला पोचवायचं काम मी मागून घेतलं होतं, ते या खेळासाठीच. पुण्याच्या एका साप्ताहिकात टोपणनावानं परीक्षणं लिहायचो आणि नामवंत दिग्दर्शकांचे कान पिळायचो. वेल्ह्यात ते साप्ताहिक कुणी वाचत नसे, त्यामुळे कान पिळणारा हा माणूस उरलेला आठवडा सात-बाराच्या नकला करतो, हे गुपित सुरक्षित होतं.

तो उरलेला आठवडा मला खायला उठायचा. समोरच्या खिडकीत तोरणा. लोक लांबून लांबून तो बघायला येतात, मला मात्र तो दारात पाय पसरून बसलेल्या पाहुण्यासारखा वाटायचा. स्वतः उठायचा नाही आणि दुसऱ्याला बाहेर जाऊ द्यायचा नाही. खुर्चीवरून उठावं, बाहेर पडावं आणि चित्रपट काढायला शिकावं, असं रोज वाटायचं. पण ती खुर्ची माझ्या एकट्याची नव्हती.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तरुणपणी याच कचेरीचं टपाल डोंगरातून पायी भोरला नेलं होतं. गावकीचं काम, नाही म्हणायची सोय नव्हती. पोचल्यावर पावसातही वळचणीला उभं राहायचं, आत ये असं कुणी म्हणायचं नाही. आम्ही बौद्ध झालो तेव्हा आबांनी ते काम टाकलं, भातशेतीच्या एका तुकड्यावर घर चालवलं आणि मला शिकवलं. मी कामावर रुजू झालो त्या दिवशी ते कचेरीपर्यंत आले. आत आले नाहीत, खिडकीपाशी उभे राहिले.

"बसलास का रं?"

"बसलो, आबा."

"आता हालू नगंस तितनं."

ते हसून म्हणाले होते. मीही हसलो होतो. पण पुढं रोज सकाळी खुर्ची ओढताना ते शब्द कानात यायचे.

एका मंगळवारी लागलेला चित्रपट बायकोला टाकून गेलेल्या नवऱ्याचा होता. सगळं उधळून तो परत येतो, पाऊस कोसळतोय, तो दाराची कडी वाजवतो, आणि नेमकी वीज गेली. मालक दारात उभे राहून ओरडले, "ती दार उगडत न्हाई! त्यो बसतो तितंच भिजत! वेल्हंवाले, चला!" मी यष्टीत बसलो आणि अंगावर काटा आला. इतका धीट शेवट आपल्या भाषेत कुणी केला नव्हता. त्या आठवड्याच्या परीक्षणात मी त्या न उघडलेल्या दाराची तोंड भरून स्तुती केली.

थोड्याच दिवसांत संपादकांचा निरोप आला की त्या चित्रपटाचे दिग्दर्शक मला भेटू इच्छितात. मी किरकोळ रजा टाकून पुण्याला गेलो. दिग्दर्शक जाडजूड, पान खाणारे, डोळ्यांत सदा थट्टा असलेले गृहस्थ. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं, "तुम्ही माझा चित्रपट पाहिलात कुठं?"

"भोरला."

"अस्सं. माझी नायिका दार उघडते हो. आरतीचं ताट घेऊन उघडते. निर्मात्यानं त्या ताटात चांदीचं निरांजन ठेवायला लावलं होतं."

माझं तोंड उतरलं. मी त्यांना मंगळवारचा बाजार, यष्टी आणि मालक, सगळं सांगितलं. ते इतके हसले की पान सांडलं. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "मला तोच शेवट हवा होता. धाडस झालं नाही. तुमच्या मालकाला जे सुचलं त्याचं मोल तुम्हाला कळलं, एवढं मला पुरे. माझ्या हाताखाली येता का?"

पुढच्या मंगळवारी भोरला गेल्यावर मी आधी मालकांना गाठलं. ते शेवटचं रीळ त्यांनी पाहिलं होतं का? "तर! शनिवारीच बगितलं की. पर त्या बाप्याला आत घेतला म्हनून सांगितलं आसतं तर बाजारच्या बाया फुडच्या मंगळवारी आल्या आसत्या व्हय?"

घरी हे सगळं सांगितलं, आबांना मात्र हसू आलं नाही. "खुर्ची सोडायची? शिनिमासाटी?" एवढंच म्हणाले आणि जेवता जेवता उठले. शेवटी मी बिनपगारी रजा काढली. रजा हा शब्द त्यांना चालण्यासारखा होता, कारण रजेवर गेलेला माणूस परत येतो. मी पुण्याला गेलो, ट्रॉल्या ढकलल्या, नटांची छत्री धरली, संकलकाच्या पाठीमागं उभा राहून डोळे फोडले, आणि समीक्षाही लिहीत राहिलो. रजा वाढवत गेलो. गावात कुणी विचारलं तर आबा सांगायचे, "रजेवर हाय." मी गावी गेलो की तेही विचारायचे, रजा किती राहिली. मी म्हणायचो, आहे अजून. पुण्यात मोकळा हिंडत होतो, पण त्या रजेचं दावं गळ्यात होतंच. मग एक दिवस कचेरीनं रजा नाकारली आणि मी राजीनामा पाठवून दिला. आबांना सांगितलं नाही. सांगायचं ठरवून दर वेळी घरी जायचो आणि भाताच्या गोष्टी करून परत यायचो.

काही वर्षांनी मला माझा स्वतःचा चित्रपट मिळाला. काळापांढरा, दोन-चारच पात्रांचा, आमच्याच खोऱ्यात चित्रित केलेला. डोंगरातल्या एका बापाची आणि मुलाची गोष्ट. शेवटच्या रिळात मुलगा बापाला स्टँडवर सांगतो, "मी परत येणार नाही. मला माफ करू नका, पण मला जाऊ द्या." बाप खाली वाकतो. मुलाची पिशवी उचलून यष्टीत ठेवतो. ते रीळ मी समीक्षकांसाठी केलं नव्हतं आणि प्रेक्षकांसाठीही नव्हतं. मला जे तोंडानं सांगता येत नव्हतं ते त्यात होतं, आणि आबांनी ते पाहिलं की सुटलो, असं मी धरून चाललो होतो.

चित्रपट भोरला लागला. आबांना शनिवारी चला म्हणालो, तर ते म्हणाले, "भोरला मंगळवारीच जायाचं आस्तं." पुढं वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी आदल्या दिवशी जाऊन मालकांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. काय वाटेल ते कापा, गाणी कापा, पण उद्या माझे वडील येतायत, शेवटचं रीळ दाखवा. त्यांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

आबा नवं धोतर नेसून आले होते. पडद्यावर आमचा डोंगर, आमची खाचरं, आमची वाट दिसली तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. मुलगा घरातून निघाला. बाप मागून चालू लागला. दोघं स्टँडवर पोचले आणि वीज गेली.

मी दारात मालकांकडं धावलो, मागोमाग आबाही आले. ते बाहेर रांगेत लागलेल्या गाड्यांकडं बघत होते. हिर्डोशीवाले उठून उभे राहिले होते, पोरं रडत होती. "वीज म्या घालवली का?" ते हळू आवाजात म्हणाले. मग सोगा हातात धरून दारात उभे राहिले. एरवी ते गर्दीवर नजर ठेवून ओरडत. त्या दिवशी ते आबांकडं बघत होते.

"पोरगा बसतो गाडीत," ते म्हणाले, "पर वाटंतनंच माघारी येतो! बापापाशीच ऱ्हातोय! चला, चला, गाड्या लागल्या!"

माणसं आमच्या अंगावरून पळाली. मला संताप आला, इतका की मालकांची गचांडी धरावी. मी आबांकडं वळलो. शेवट हा नाही, खरा शेवट वेगळा आहे, असं तिथंच, त्या दारातच सांगून टाकायचं म्हणून तोंड उघडलं. आबा डोळे पुसत होते.

"लई भ्यालो व्हतो रं म्या," ते म्हणाले. "वाटलं, आता न्हाई येत त्यो. चांगला शेवट केलास."

मी तोंड मिटलं. बाजाराची पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि स्टँडवर आलो. वेल्ह्याची गाडी आणि पुण्याची गाडी शेजारी शेजारी उभ्या होत्या. आबांना बसवून मला पुण्याला निघायचं होतं, सकाळी तिथं काम होतं. मी त्यांना खिडकीपाशी बसवलं, पिशवी पायाशी ठेवली. त्यांनी सरकून शेजारी जागा केली आणि बाकावर हात थोपटला. मी क्षणभर टेकलो.

"रजा किती ऱ्हायलीया आजून?"

"हाय, आबा. हाय आजून."

कंडक्टर आला. कुठलं, म्हणून त्यानं विचारलं. मी बोलायच्या आत आबा म्हणाले, "दोन. वेल्हं." त्यानं दोन तिकिटं फाडून त्यांच्या हातात दिली. पुण्याची गाडी आमच्या खिडकीजवळून निघून गेली, आणि मी तिथून हाललो नाही.