ताई दिसल्यास गाडी थांबवू नये

बस स्थानकातल्या चौकशी खिडकीसमोर उभं राहिलं की ताई अगदी शांत दिसायच्या. नाकावर चष्मा, पुढ्यात माइक, आणि आवाज असा की गाडी चुकलेला माणूससुद्धा भांडायचं विसरून पुढची कधी ते विचारायचा. काउंटरच्या खाली काय चाललंय ते मात्र फक्त आतल्या लोकांना माहीत होतं. खाली ताईंचे पाय शिलाई मशीनवर ठेवल्यासारखे हलत असायचे. टाच वर, टाच खाली, दिवसभर. त्या हादऱ्याने कपातला चहा बशीत यायचा आणि शेजारच्या आरक्षणवाल्याचं अक्षर बिघडायचं. बावीस वर्षं हे चालू होतं. डेपोतले लोक तोंडावर ‘ताई’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘चुळबुळताई’. ताईंना ते ठाऊक होतं. नाव खोटं नाही म्हटल्यावर भांडणार तरी कुठल्या तोंडाने?

कारण चुळबूळ नुसती पायांत नव्हती. घरातलं कुठलंही कपाट उघडा, ताईंनी हौसेने सुरू केलेलं आणि मध्येच सोडलेलं काहीतरी अंगावर यायचं. मुलगी तिसरीत असताना तिच्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर एका बाहीवर अडला होता; मुलगी आता दुसऱ्या शहरात नोकरी करत होती. गाडी चालवायचं शिकाऊ लायसन तीनदा काढून झालं, पक्कं एकदाही नाही. गॅलरीच्या कठड्याला निम्म्यापर्यंत निळा रंग होता आणि पुढे गंज. पोहणं दहा दिवस, टायपिंग एक महिना. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं सासूबाई म्हणायच्या, आणि त्या गेल्यावर ते म्हणायचं काम नवऱ्याने वारशाने घेतलं.

नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं. रविवार नाही, सुट्टी नाही, बारा महिने उघडं. गिऱ्हाइकाला गोळ्या देताना तो दिवसातून पन्नास वेळा तेच सांगायचा, ‘बरं वाटलं तरी मध्येच सोडू नका, कोर्स पूर्ण करा.’ आणि घरी आला की समोर एकही कोर्स पूर्ण न केलेली बायको. ताईंनी एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिल्याचं सांगितलं तेव्हा तो चहा पिता पिता थांबला.

‘अर्धी मॅरेथॉन? चला, कुणीतरी तुझ्या मापाचं काढलं,’ तो म्हणाला. ‘फक्त तिचीही अर्धीच करू नकोस.’

ताईसुद्धा हसल्या. विनोद चांगला होता, नाही कशाला म्हणा. पण त्याच संध्याकाळी तो गॅलरीत मुलीशी फोनवर बोलत होता ते त्यांनी आतून ऐकलं. ‘अगं, नव्याचे नऊ दिवस. तुझ्या आईने आजवर एक गोष्ट शेवटाला नेलीय का? नेली तर त्या दिवशी मी दुकान बंद ठेवीन, जा.’ तो वाईट बोलायचं म्हणून बोलत नव्हता, अगदी प्रेमाने बोलत होता. ताईंना तेच जास्त लागलं. वय पंचेचाळीस, आणि आपल्याबद्दल घरात एवढंच ठरलंय. ही एक शर्यत शेवटच्या कमानीपर्यंत न्यायची, मग पुढे काही नाही केलं तरी चालेल, असं त्यांनी भांडी विसळताना ठरवलं. विसळायची दोन भांडी मात्र राहिलीच.

शिकवायला निवृत्त खेळाचे शिक्षक होते. त्यांना सगळे सर म्हणत. दर रविवारी पहाटे मैदानावर नवशिक्यांचा घोळका जमायचा: एक दाताची डॉक्टर, अखंड बोलत धावणाऱ्या दोन जावा, एक निवृत्त पोस्टमन आणि ताई. सरांची पद्धत सोपी होती. मैदानातून निघायचं, गावाबाहेरच्या रस्त्याने नाकासमोर जायचं, पाण्याच्या टाकीला हात लावायचा आणि आलेल्या वाटेने परत यायचं. जाऊन-येऊन बारा किलोमीटर. ‘पहिला अर्धा भाग कंजूषपणाने धावा,’ सर सांगायचे. ताई मान डोलवायच्या आणि शिट्टी वाजली की सुटायच्या. उगाच आरंभशूर म्हणत नाहीत. टाकीला पहिला हात ताईंचाच लागायचा आणि मागे रस्त्यावर कुणीही नसायचं.

घोडं अडायचं ते परतताना. पहिल्याच रविवारी टाकीपाशी ताईंच्या पोटरीत असा गोळा आला की त्या मैलाच्या दगडाला धरून उभ्या राहिल्या. तेवढ्यात समोरून गावाकडे परतणारी डेपोची सकाळची पहिली गाडी आली. चालवायला मामा होते. मामा म्हणजे डेपोतले सर्वांत जुने ड्रायव्हर, निवृत्तीला एक वर्ष राहिलेले, भुवयाही पांढऱ्या झालेले. त्यांनी करकचून ब्रेक मारला.

‘ताई! काय झालं? चढा, चढा!’

ज्या बाईच्या आवाजावर बावीस वर्षं गाड्या हलल्या, ती रस्त्याच्या कडेला लंगडत असताना कुठला ड्रायव्हर पुढे जाईल? ताई चढल्या. वाटेत बाकीचे धावताना दिसले तेव्हा बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने खाली वाकल्या. मैदानाच्या अलीकडच्या थांब्यावर उतरल्या आणि उरलेलं अंतर धावत आत आल्या. सरांनी टाळ्या वाजवल्या. ‘पहिल्या! बघा, याला म्हणतात जिद्द!’

त्या वेळी सांगून टाकलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण कौतुक ताईंच्या वाट्याला फार दिवसांनी आलं होतं आणि ते तोंडाशी आल्यावर त्यांच्याने थुंकवेना. पुढच्या रविवारी गाडी पुन्हा आली. त्यापुढच्या रविवारी पोटरीत गोळाबिळा काही नव्हता, तरी ताईंनी हात केला. आठ रविवार असेच गेले. ताई जायच्या पायांनी आणि यायच्या बसने. घरी नवरा विचारायचा, ‘किती झालं?’ ताई म्हणायच्या, ‘बारा.’ आणि काउंटरखाली पाय पूर्वीपेक्षा जास्त हलायचे.

नवव्या रविवारी सरांनी रस्ता बदलला. कालव्याच्या कडेने, सोळा किलोमीटर. त्या वाटेने बस जात नाही, हे ताईंच्या लक्षात आठव्या किलोमीटरला आलं. दहाव्याला पाय थांबले. ताई कालव्याच्या बांधावर बसल्या, आणि जावा पुढे गेल्या, डॉक्टर पुढे गेली. सगळ्यांत शेवटी पोस्टमनकाका आले. त्यांचं धावणं म्हणजे आपलं टुकूटुकू, चालणारा माणूसही सहज बरोबर येईल असं. ते थांबले, शेजारी बसले आणि बाटली पुढे केली. ताई पाणी प्यायल्या आणि कुणी विचारलेलं नसताना त्यांनी सगळं सांगून टाकलं. आठही रविवार.

पोस्टमनकाकांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

‘मी छत्तीस वर्षं टपाल वाटलं,’ ते म्हणाले. ‘जाताना पिशवी जड असते, पण मन हलकं असतं. लोक वाट बघत असतात ना. येताना पिशवी रिकामी, आणि वाट बघणारं कुणी नाही. थकवा यायचा तो येतानाच. तुम्ही तेवढाच भाग गाळलात, ताई.’

‘सरांना सांगणार?’

‘मी दुसऱ्यांची पत्रं वाचत नसतो,’ काका म्हणाले आणि उठले. दोघं उरलेले सहा किलोमीटर चालत आले. शर्यतीला सहा आठवडे उरले होते.

सोमवारी सकाळी सव्वादहाला, फलाट भरलेला असताना, ताईंनी माइक जवळ ओढला. आरक्षणवाला सांगतो की त्या दिवशी टेबल हलत नव्हतं. ‘सर्व चालकांना सूचना,’ ताई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. ‘रविवारी सकाळी चौकशी खिडकीवरील ताई रस्त्याने धावताना दिसल्यास गाडी थांबवू नये. त्यांनी हात केला तरी थांबवू नये. पुन्हा ऐका.’ असं तीनदा. प्रवाशांनी एकमेकांकडे पाहिलं. गाड्या धुण्याच्या फलाटावर कुणीतरी हसून बादली सांडली. मामा आपल्या गाडीच्या पायरीवर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवून सूचना तिन्ही वेळा नीट ऐकली.

पुढचे पाच रविवार सरांनी पुन्हा टाकीचाच रस्ता घेतला आणि गाड्या भोंगा वाजवून निघून गेल्या. ताई कधी चालल्या, कधी रडल्या, एकदा टाकीच्या भिंतीला लाथ मारली. पण परत आल्या पायांनीच, आणि सगळ्यांच्या शेवटी. सर म्हणाले, ‘काय हो, तुमची तर उलटी प्रगती चाललीय.’

शर्यतीच्या दिवशी सकाळी सहाला सगळे सुटले. नियम साधा होता. साडेनऊला शेवटची कमान बंद. सगळ्यांच्या मागून त्याच हिशोबाने एक बस येणार. ज्याला पुढे जमत नाही त्याने हात करायचा आणि आत बसायचं. ताईंनी पोस्टमनकाकांना शब्द दिला होता की पहिले दहा किलोमीटर त्यांच्या पुढे जाणार नाही. तो त्यांनी साडेपाच किलोमीटर पाळला. मग कुठेतरी लोकांनी टाळ्या वाजवल्या, पायांनी ऐकलं, आणि ताई सुटल्या. पंधराव्या किलोमीटरला मागून तीच टुकूटुकू पावलं आली. ‘होतो पुढे,’ काका म्हणाले. ‘थांबू नका म्हणजे झालं.’ त्यानंतर मागे कुणी माणूस उरला नाही.

एकोणीसच्या पाटीपाशी ताईंच्या मांड्यांनी नकार दिला. नऊ वाजून आठ मिनिटं झाली होती. मागून ओळखीची घरघर आली. वळून पाहिलं तर डेपोचीच बस, आणि काचेमागे पांढऱ्या भुवया. ताईंना इतकं हायसं वाटलं की लाजसुद्धा वाटली नाही. एकोणीस काय कमी आहेत? कोण करतं या वयात एकोणीस? घरी सांगता येईल की जवळजवळ झालंच होतं. त्यांनी हात केला.

बस शेजारी आली, हळू झाली, पण दार उघडलं नाही. ताईंनी चालत चालत दारावर थाप मारली.

‘मामा, उघडा.’

मामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. ‘नाही उघडता येत, ताई. सूचना आहे.’

‘कसली सूचना?’

‘ताई दिसल्या तर गाडी थांबवायची नाही. हात केला तरी नाही. तीनदा सांगितलंत, माइकवरून.’

‘अहो, ती मीच दिली होती! मीच रद्द करते!’

‘तशी माइकवरून करा. रस्त्यात ओरडून दिलेली सूचना मी आजवर पाळली नाही.’

आत यादी घेऊन बसलेली आयोजकांची मुलगी उठली. ‘मामा, त्यांनी हात केलाय, घ्यावंच लागेल.’ मामा म्हणाले, ‘साडेनऊला बावीस मिनिटं आहेत. मी वेळेआधी कधी शेवटची गाडी नेलीय का, त्यांनाच विचारा.’

ताईंच्या तोंडून अशी शिवी गेली की बसमध्ये बसलेले चौघं खिडकीशी आले. ही शिवी त्यांना येते हे त्यांनाही माहीत नव्हतं. रागाने डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या रागातच पाय उचलले गेले. मागून बस बैलाच्या चालीने येत राहिली. ताई थांबल्या की भोंगा. ताई चालल्या की भोंगा. धावल्या की गप्प. आतले चौघं आता खिडक्यांतून हात बाहेर काढून पत्रा बडवत होते. ‘मेलात तुम्ही उद्या,’ ताई मागे न बघता ओरडल्या. ‘उद्या तुमची गाडी मी पुकारतच नाही!’

कमानीपाशी गर्दी पांगली होती. दोघं जण कठडे गोळा करत होते. औषधवाला नवरा कडेला पाण्याची बाटली घेऊन उभा होता. वळणावरून बस येताना दिसली तशी त्याने मान खाली घातली. मग बसकडे धावला आणि टाचा उंचावून एकेका खिडकीत बघू लागला. उतरायला हात द्यावा म्हणून. ताई त्याच्या डाव्या बाजूने निघून गेल्या ते त्याला दिसलं नाही.

‘आमची ही कुठे बसलीय हो?’ त्याने मामांना विचारलं.

‘बसल्या असत्या तर मी इतक्या हळू आलो असतो का?’ मामा म्हणाले. ‘पुढे बघा, साहेब.’

नऊ एकोणतीस झाले होते. ताई कमानीच्या पलीकडे पदपथाच्या कडेवर बसल्या होत्या, बूट रस्त्यात पसरून. नवरा आला आणि समोर उकिडवा बसून बूट काढू लागला. नाड्यांच्या गाठी घामाने घट्ट झाल्या होत्या, त्याला सुटत नव्हत्या.

‘दुकान?’ ताईंनी विचारलं.

‘बंद.’

‘कधी केलंत?’

‘उघडलंच नाही आज.’

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. ‘मग बसच्या खिडक्यांत काय शोधत होतात?’

तो गाठीकडेच बघत राहिला. ‘भीती वाटली गं,’ तो म्हणाला. ‘चुकलोच.’ त्याच्या हातातला पाय थडथड उडत होता. त्याने तो दोन्ही हातांनी धरला, तरी उडत होता.

‘थांबव ना आता,’ तो म्हणाला.

‘थांबत नाहीये,’ ताई म्हणाल्या, आणि मोठ्याने रडू लागल्या.