लानमावशीचं स्टेशन

टेक्सासमध्ये तेव्हा एका व्हिएतनामी कॉफीवाल्याची चार-पाच दुकानं होती, सगळी जुन्या सायगावच्या रेल्वे स्टेशनासारखी सजवलेली. लाकडी बाकं, तिकिटाची खिडकी, कधीच न येणाऱ्या गाड्यांचा फलक. मला असला देखावा मुळीच आवडत नाही. पण २००६च्या त्या सकाळी मी फ्रिस्कोहून गाडीनं चार तासांवरच्या ह्यूस्टनच्या विमानतळाकडे निघाले होते, आदल्या दुपारपासून पोटात काही नव्हतं, आणि वाटेत उघडं एवढंच दिसलं.

बाबा नागपूरला दवाखान्यात होते. ‘लवकर ये,’ एवढंच दादा फोनवर म्हणाला होता.

कॉफी पत्र्याच्या गाळणीतून थेंब थेंब गळत होती. तिच्यावर चिडून मी उठले. दाराशी जमिनीवर छोटं देवघर होतं. त्यात ढेरपोट्या, हसरा देव. पुढे कॉफी, केळी, उदबत्ती. हात जोडले आणि सवयीनं प्रसादाचं एक केळं उचलून कपाळाला लावलं.

काउंटरवरची मुलगी थिजलीच. आतून एक पन्नाशीच्या बाई आल्या. या लान, दुकानाच्या मॅनेजर.

“उदबत्ती अजून संपली नाही,” त्या इंग्रजीत शांतपणे म्हणाल्या. “त्याचं जेवण चाललंय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांसाठी घेतलं, असं सांगता सांगता रडूच फुटलं.

“भारतात पोचेपर्यंत सडेल. तूच खा. त्याला मी समजावते.”

मी खात होते तोवर त्या समोर बसल्या. युद्धानंतर देश सोडून त्या बोटीनं निघाल्या तेव्हा त्यांचे वडील मागे राहिले. ते गेल्याची बातमी पोचली, तेव्हा लान इथे एका हॉटेलात भांडी घासत होत्या. परत जायला ना कागद होते, ना वाट. “हे स्टेशन मालकानं शोभेसाठी केलंय,” त्या म्हणाल्या, “मी मात्र रोज त्या फलकाकडे बघते.”

बाहेर आले तर गाडी सुरू होईना. पहाटे लावलेले दिवे तसेच जळत राहिले होते. नवऱ्याला, परीक्षितला फोन केला.

“पॅनिक होऊ नकोस यार. फ्लाइट मिस झाली तर रीबुक करू.”

“पुढची सीट शनिवारी आहे,” मी ओरडले. शनिवारपर्यंत बाबा असतील, याची खात्री कोण देणार होतं?

हे लानमावशींनी दारातून ऐकलं. आत ऐन गर्दीची वेळ; दुकान सोडलं तर कंपनी नोकरीवरून काढेल, हे काउंटरवरच्या मुलीनं बजावूनही पाहिलं. मावशींनी गिऱ्हाइकांना बाहेर काढून दाराला कुलूप घातलं, माझी बॅग स्वतःच्या गाडीत टाकली आणि सगळा रस्ता गाडी हाणली. विमान मिळालं.

महिन्याभरानं मी पुन्हा तिथे गेले. दारातून मावशी दिसल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. देवापुढे नागपूरची संत्रा बर्फी ठेवली आणि यावेळी उदबत्ती संपेपर्यंत बसून राहिले.

मावशी शेजारी येऊन बसल्या. बाबा बरे झाले का, हे त्यांनी विचारलंच नाही.

“पोचलीस?”

“पोचले. बाबांनी हाक मारली मला. मग गेले.”

त्यांनी मान हलवली. तुमचे उपकार कसे फेडू, असं काहीसं मी बोलू लागले, तर हातानंच थांबवलं. बर्फीचे दोन तुकडे घेतले. एक माझ्यासारखा कपाळाला लावून खाल्ला. दुसरा बशीत घालून बाकावर आपल्या पलीकडे ठेवला, गाड्यांच्या फलकाकडे एकदा पाहिलं आणि तिथे बसू लागलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, “इथे नको, ही जागा भरली आहे.”