शिवरामचा डावा पाय

“मास्तर, तोंड दिसाचा नाय म्हून सांगतंय. तुमी पाय बघा. डावा.”

गंगाराम कोळी हे शाळेच्या मास्तरांना निदान दहाव्यांदा सांगत होता. हातानं तो दिवाळे गावच्या शाळेच्या खिडकीला जुन्या शिडाचं कापड ठोकत होता, म्हणजे भर दुपारी आत अंधार होईल. साल त्र्याऐंशी. वाशीच्या नव्या फ्लॅटात राहणाऱ्या सुनीतीबाईंच्या सिनेमा मंडळाला एक जुना मुका चित्रपट सापडला होता. विलायतेतल्या एका गाजलेल्या दर्यावर्दी कादंबरीवरून काढलेला, आणि आमच्याच बेलापूरच्या खाडीत. गंगारामनं बाईंना तीनदा गाठून तो गावात आणवला.

कारण साधं होतं. त्याचा बाप शिवराम सांगायचा, मी सिनेमात होतो. कप्तान झालेला नट नाटकातला. धक्का सुटला की त्याला बोट लागायची. मग त्याचा कोट शिवरामला चढवला आणि पाठमोरा सुकाणूवर बसवला. शिवराम हे मरेपर्यंत सांगत राहिला आणि गाव तोवर हसत राहिलं. बाप गेला, पण थापाड्या हे नाव मागं ठेवून गेला. म्हावऱ्याचा भाव असो नाहीतर पोरीची सोयरीक, गंगारामनं तोंड उघडलं की समोरचा विचारणार, “हे पन सिनेमातलं का?” त्याचा होडीतला भागीदार मारोती तर वाऱ्याची दिशा सांगितली तरी विचारायचा.

आज हे मिटवायचं होतं.

सिनेमा लागला. आवाज नाही, मधूनमधून इंग्रजी पाट्या. त्या सुनीतीबाई मराठीत सांगत होत्या. कप्तान गर्विष्ठ. खलाशी नको म्हणतात तरी तुफानात जहाज काढतो. कप्तानाला गुडघ्यापर्यंत बूट. मग तुफान आलं, आणि पडद्यावर कोटाची नुसती पाठ दिसली. दोन्ही हातांत शिडाची दोरी, आणि सुकाणूच्या दांड्यावर अनवाणी डावा पाय. पायाला अंगठा नव्हता.

“बूट कुठं गेलं?” कुणीतरी विचारलं.

“शिवरामचा पाय तो,” पुढच्या रांगेतून ऐंशीची शेवंताबाई म्हणाली. “कालवं काढताना अंगठा गेला, तवा हलद मीच भरली व्हती.”

गंगाराम उठून उभा राहिला.

“बोल आथा, मारोती.”

“खाली बस. दिसत नाय.”

एवढ्यात तो पाय जरासा सरकला आणि जहाज सरळ खडकावर आपटलं. पाटी आली. सुनीतीबाईंनी वाचली, “चाळीस माणसं बुडाली.”

“चालीस,” मारोती म्हणाला.

“गोष्टच तशी हाय. सायबानं पुस्तकान लिवलंय,” गंगाराम म्हणाला.

“लिवलं सायबानं. सुकानू कुनाच्या पायाखाली व्हतं?”

“वारा मागून व्हता,” शेवंताबाई म्हणाली. “मग भायेर घ्याचं सोडून आत कशाला घेतलं त्यानं?”

तिनं मनापासून विचारलं होतं. दोन-तीन म्हातारे पुढं सरकले आणि शिवरामनं तिथं काय करायला हवं होतं, यावर सिनेमा संपेपर्यंत भांडले. कप्तान शेवटी किनाऱ्यावर पश्चात्तापानं रडतो. तिकडं कुणी बघितलं नाही.

बाहेर सुनीतीबाईंनी विचारलं, “बसला ना लोकांचा विश्वास?”

“बसला,” गंगाराम म्हणाला.

पाणी फिरायच्या आत जाळं काढायचं होतं. धक्क्यावर मारोती आधीच होडीत, मागं सुकाणूशी बसलेला.

“आज मी धरतंय. मना पोरंबालं हायत.”

“नातवंडं हायत तुना. ऊठ.”

मारोती उठला. गंगारामनं शीड ओढलं, दोरी दोन्ही हातांत घेतली, डावा पाय दांड्यावर ठेवला आणि होडी खाडीत काढली.

“वारा फिरलाय,” थोड्या वेळानं तो म्हणाला.

मारोतीनं काही विचारलं नाही. उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. मग जाळ्याचा खुंट आला आणि दोघं वाकून ओढायला लागले.