विनायकरावांचा तिळगूळ

विनायकराव गेल्याची बातमी सोसायटीच्या ग्रुपवर आली, तेव्हा मी मेथी निवडत होते. 'निष्कलंक माणूस गेला,' असं कुणीतरी लिहिलं होतं आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मला रडू आलं नाही. किळस आली. त्यांची आली, आणि त्यांच्यापेक्षा कांकणभर जास्त माझी स्वतःची. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण दीड महिना झाला तरी तोंडाची कडू चव जात नाही, म्हणून लिहिते आहे.

आम्ही दिल्लीत एकाच मंत्रालयात नोकरीला होतो. मी लग्न होऊन इथे आले, तेव्हा रेशनकार्डापासून सरकारी क्वार्टरपर्यंत प्रत्येक अर्ज त्यांनीच भरून दिला. माणूस अडीअडचणीला उभा राहणारा होता, हे खोटं नाही. मग आमच्या सेक्शनमधून खात्याच्या परीक्षेचा पेपर फुटला. आळ आला टायपिस्ट कदमांवर आणि चौकशी आली विनायकरावांकडे. पेपरचं सीलबंद पाकीट आमचे साहेब आपल्या ब्रीफकेसमध्ये घालून नेताना मी पाहिलं होतं. तसं मी विनायकरावांना सांगितलं. त्यांनी सावकाश चष्मा पुसला.

"लेखी द्याल?"

माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती आणि त्याचा कागद साहेबांच्याच टेबलावर होता... मी गप्प बसले.

"मग मी काही ऐकलंच नाही," ते म्हणाले, आणि अहवालात कदमांना दोषी ठरवून मोकळे झाले. कदमांची नोकरी गेली. गाझियाबादला कचेरीबाहेर टाइपरायटर मांडून ते लोकांचे अर्ज टाइप करून देऊ लागले.

पुढच्या संक्रांतीपासून विनायकराव दरवर्षी तिळगुळाचा डबा घेऊन कदमांकडे जायचे. माफी मागायला नव्हे, गोड बोला म्हणायला! कदम दारातच हात पुढे करत, लाडू घेत, पण आत या म्हणत नसत. परत आल्यावर विनायकराव मला सांगणार, "घेतला हं त्याने. मनात काही नाही त्याच्या." चेहरा असा, की जणू गंगेत डुबकी मारून आलेत. अहो, सणाच्या दिवशी दारात आलेल्याचा तिळगूळ कोण नाकारतं? समोरच्याच्या सभ्यपणावर हा माणूस वर्षानुवर्षं आपली सुटका करून घेत होता. शी! आणि त्यांच्या डब्यातले लाडू मीही आवडीने खात होते.

निवृत्तीनंतर ते रविवारी इथल्या मुलांना मराठी शिकवायचे. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, गिल्टला मराठीत काय म्हणतात?" स्वारी खुलली. दोष दुसरे देतात, अपराध कायदा ठरवतो, लाज चारचौघांत वाटते, खंत एकट्याला खाते, आणि पश्चात्ताप... इथे ते जरा अडखळले. "पश्चात्ताप म्हणजे, बेटा, आतल्या आत जळणं."

"अच्छा. पण जळून मग करायचं काय?"

"चलो, आज इतकंच," म्हणत त्यांनी फळा पुसला. मुलं हसली. मागे सरबत ओतत असलेली मीही हसले.

शोकसभेत लोकांनी तासभर त्यांच्या सचोटीचे गोडवे गायले. मला बसवेना. दुसऱ्या दिवशी मी गाझियाबाद गाठलं. कदमांनी दार उघडलं, विनायकराव गेल्याचं ऐकलं, नुसती मान हलवली आणि मला आत बोलावलं. मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं. पाकीट साहेबांनी नेलं होतं. मी पाहिलं होतं. विनायकरावांना ठाऊक होतं. मी घाबरले आणि गप्प बसले. इतक्या वर्षांचं ओझं, अर्ध्या मिनिटात संपलं.

"ताई, हे मला कशाला सांगता?" कदम म्हणाले. "मी पेपर फोडला नाही, हे मला पहिल्यापासून माहीत आहे."

मग त्यांनी फोन उचलला. त्यांची मुलगी मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर आहे. "शाळेत असताना एकदाच विचारलं होतं तिने, बाबा, खरंच तुम्ही केलंत का? मी नाही म्हटलं. पुन्हा तिने विचारलं नाही, पण विश्वासही ठेवला नाही. आम्ही कामापुरतंच बोलतो." त्यांनी तिचा नंबर लावला. रिंग वाजू लागली, तसा फोन माझ्या हातात दिला आणि ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"हां बाबा, पटकन बोला, शिफ्ट चालू आहे."

मागे यंत्रांचा खडखडाट होता. मला मोठ्याने बोलावं लागलं.

"मी तुझ्या बाबांची गुन्हेगार बोलते आहे, बाळ. फोन ठेवू नकोस."