दार बंदच होतं

आधी शुभांगीताईंचं नाव घेते. त्या नसत्या तर आठवीत शाळा सोडलेली कुडपणची मी बंगळुरूच्या विद्यापीठात कशाला पोचले असते? त्यांनी शब्द टाकला, म्हणून प्रयोगशाळेत साफसफाईचं काम मिळालं. ताई आमच्याच बाजूच्या, महाडच्या. पहिल्याच दिवशी मी रडायला लागले, तर म्हणाल्या, "घाबरतेस काय गो? इथं आपली भाषा कुणाला कळत नाय, सरांना खुशाल शिव्या घाल!" रडता रडता हसले मी. आणि त्याच ताईंना मी — हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

ताईंची पीएचडी झालेली. पण त्यापुढची संशोधनाची नोकरी वर्षाच्या बोलीवर — प्रयोगशाळेच्या मुख्य सरांनी मुदत वाढवली तर राहायचं, नाहीतर घरी. त्यांचं अर्धं काम कॉम्प्युटरवर, अर्धं त्या मोठ्या फ्रीजरमध्ये. रुग्णांच्या गाठींचे बारीक तुकडे त्यात गोठवून ठेवलेले. एकदा वितळले की कामातून गेले, आणि पुन्हा मिळणारे नव्हते.

आमच्याकडे वर पठारावर आभाळ गडगडलं की आधी घरातले सगळे प्लग ओढायचे. शेजारच्या काकूंचा टीव्ही माझ्यादेखत जळालेला. हाताला सवयच ती. त्या शनिवारी दुपारी ताई फ्रीजरचं दार लावून घरी गेल्या. मी एकटीच फरशी पुसत होते, आणि गडगडायला लागलं. मी दिसतील ते प्लग काढले. नंतर लावलेही — कपाटामागचा एक राहिला. तो फ्रीजरचा. त्याचा भोंगा वाजायला हवा होता, पण तो कधीचाच बिघडलेला.

सोमवारी सगळ्यांच्या आधी मीच आले. फ्रीजरखाली पाणी. मी काय केलं? प्लग लावला. आणि पाणी पुसलं.

तुकडे वितळल्याचं कळल्यावर सरांनी मला एकटीला बोलावलं, मोडक्या हिंदीत म्हणाले, "घाबरू नकोस, कुणाला काही होणार नाही. काय दिसलं तेवढं सांग." मी म्हणाले — सकाळी आले तेव्हा फ्रीजरचं दार उघडं होतं. शनिवारी शेवटचं ते कुणी उघडलं होतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

ताईंची मुदत वाढवली नाही. सरांनी शब्द मोडला, मला फसवलं — असं किती दिवस मनात घोळवलं मी! पण त्यांच्या कानात खोटं कुणी घातलं होतं? ताईंना कुणी फसवलं?

त्या निघाल्या तेव्हा सामान बांधायला मीच गेले. हो, तेवढं धाडस होतं मला. "मला पक्कं आठवतंय, दार ओढून कडी लावली होती," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. "पण तू कशाला खोटं बोलशील गो? माझंच ध्यान नसेल."

मी चादरीची घडी घालत राहिले.

आता त्या महाडला एसटी स्टँडजवळ शिकवण्या घेतात. अजून फोन करतात. "हाय ना गो नोकरी?"

हाय, ताई. तुम्हीच दिलेली.

दार बंदच होतं. कडीही लावलेली होती. एक दिवस महाडला येऊन हे तुमच्यासमोर बोलेन, मग सरांसमोर. तुमची नोकरी माझ्याच्यानं परत यायची नाही. पण तुम्हाला आठवत होतं ते खरं होतं — तेवढं तरी तुमचं तुम्हाला परत करीन.